चौघांची एक धाप

शिंगणमाळच्या राखीव तळावर सकाळी जेवणाची रांग लागली की आधी दंड पुढं करायचा, मग ताट. दंडावर पट्टा असतो. भिंतीतला डोळा तो पट्टा वाचतो आणि त्या माणसाच्या अंगाला लागेल तेवढंच अन्न झडपेतून बाहेर ढकलतो. कुणाला तीन चपात्या, कुणाला पाच. कुणाला अंडं, कुणाला नुसती डाळ. 'थोडं कमी वाढा हो' असं म्हणायची सोय नाही, कारण वाढपीच नाही.

जांभळेवाडीच्या चौघांना त्या सकाळी प्रत्येकी पाच चपात्या, दोन अंडी आणि वाटीभर मटकी मिळाली. चौघांनाही तंतोतंत तेवढीच. ईश्वरी शेडगेला ते बरोबर पुरलं. रोज पहाटे सहा किलोमीटर पळणारी बाई ती. ओंकारनं आणि इर्शाद मुलाणीनं कसंबसं संपवलं. शिवतेज मात्र दुसऱ्याच चपातीला थांबला. हा ईश्वरीचा धाकटा दीर, अंगानं काटकुळा आणि लहानपणापासूनचा दमेकरी.

सुभेदार खरमाटे टेबलांमधून फिरत होता. कुणी ताटात टाकलं की त्याला लांबूनही दिसायचं.

"काय रे, घरचं तूप नाही म्हणून उतरत नाही का?"

"पोट भरलं, साहेब."

"पोट तुझं नाही इथं. यंत्रानं पाच दिल्यात म्हणजे तुला पाच लागतात. तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. गीळ."

शिवतेजनं ठसकत ठसकत त्या गिळल्या, आणि खरमाटे शेवटचा घास जाईपर्यंत डोक्यावर उभा राहिला. ईश्वरी मान खाली घालून बसली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, कारण त्या पाच चपात्या खरं तर तिच्या होत्या.

त्या कशा, ते सांगायला हवं. राखीव सैनिक म्हणजे वर्षातले दहा महिने आपल्या घरी, आपल्या धंद्यात असणारा आणि बोलावणं आलं की बारा तासांत तळावर हजर होणारा माणूस. पण दहा महिन्यांत तो सुटलाय की सुकलाय, हे कळायचं कसं? त्यासाठी हा पट्टा आला. माणूस रोज पहाटे पट्टा बांधून पळतो, आणि पट्टा त्याच्या काळजाचे ठोके, धाप, पावलांची ढब, एवढंच काय, कुत्रं अंगावर आलं तर भीती किती वेळात चढते आणि किती वेळात उतरते, तेही टिपतो. सहा महिन्यांत त्यातून त्या माणसाचा देहठसा तयार होतो. तळावरचं मांडणीयंत्र मग हे ठसे घेऊन ठरवतं की कोण कुणाबरोबर जाणार, कुठं जाणार आणि किती जेवणार. पूर्वी तळावर डॉक्टर होते. ते काढून टाकले. ठसा असताना छातीला नळी कशाला लावायची, असं कुणा शहाण्यानं म्हटलं म्हणे.

आता जांभळेवाडीत काय झालं बघा. कायद्यानं प्रत्येक गावानं चार नावं द्यायचीच. गावात वयात बसणारी माणसं उरली होती चार, आणि त्यातला एक शिवतेज. ओंकार पहाटे दुधाचा टेम्पो घेऊन निघायचा. इर्शादची बेकरी पहाटेच पेटायची. शिवतेज एक दिवस पळाला आणि दोन दिवस अंथरुणात पडला. ईश्वरी तशीही पळायचीच, शाळेपासूनची खोड तिची. मग गावात आजवर जे चालत आलंय तेच त्यांनी केलं: पैरा. आज मी तुझ्या रानात राबतो, उद्या तू माझ्या. आज तुझे बैल, उद्या माझे. ईश्वरीनं चारही पट्टे आपल्या दंडावर बांधून पळायचं, आणि बदल्यात ओंकारनं तिचं दूध घालायचं, इर्शादनं तिच्या रानाला पाणी द्यायचं, शिवतेजनं तिच्या म्हशी बघायच्या. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं. आपण कुणाला फसवतोय असं चौघांच्या स्वप्नातही आलं नाही. सरकारला पळणं हवंय ना? होतंय की पळणं. पेरलेलं उगवलं की झालं, बी कुणाच्या हातनं पडलं हे कोण विचारतंय?

विचारणारं यंत्र होतं, आणि त्याला चार माणसांचा एकच ठसा सापडला होता.

जेवणानंतर मैदानावरच्या फलकावर नेमणुका झळकल्या. जमवाजमवीचा हा तिसरा दिवस. उत्तरेच्या सीमेवर समोरच्यांची हालचाल वाढली होती, म्हणूनच हे बोलावणं. खरमाटे एकेक ओळ वाचत होता, आणि जांभळेवाडीपाशी त्याचा आवाज चढला.

"जांभळेवाडी, चार. दर्जा: एकजीव. ऐका रे, ह्याच्यावर दर्जाच नाही. चौघांचे ठोके एक, चाल एक, भीतीसुद्धा एकदम चढते आणि एकदम उतरते. पहिली गाडी, उद्या दुपारी बारा. वरचं ठाणं."

वरचं ठाणं म्हणजे सोळा हजार फूट. तिथं धडधाकट माणसालाही बुटाची नाडी बांधताना दम लागतो.

चौघं पाण्याच्या टाकीच्या सावलीला जमले.

"आता बोंबला," ओंकार म्हणाला.

"देवळाच्या पायऱ्या चढला तरी ह्याच्या छातीत शिट्टी वाजते," इर्शाद म्हणाला. "तिथं दोन दिवस नाही टिकायचा हा."

"मी जाऊन सांगते सगळं," ईश्वरी म्हणाली.

"सांगा. मग चौघं आत. सात वर्षं. कलम वाचलंय मी."

"आत जिवंत तर राहू, ओंकार."

शिवतेज टाकीला टेकून बसला होता. सकाळच्या चपात्या अजून त्याच्या नरड्याशी होत्या. "वहिनी, नका सांगू," तो म्हणाला. "चार वर्षं तुम्ही माझ्यासाठी पळलात. पैरा अंगावर ठेवायचा नसतो."

"म्हशी बघितल्यात ना तुम्ही? फिटला पैरा."

"म्हशी काय, त्या मी तशाही बघितल्या असत्या. ह्यात तुम्हाला तुरुंग होणार असेल तर मला नको हा जीव. दादाला काय तोंड दाखवू?"

"आणि मी घरी आत्याबाईंना काय दाखवू? त्यांच्या लेकाचं मढं?" ईश्वरीचा आवाज फाटला. "मला भीती वाटतेय, भावजी. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती. मी जाणार."

ती गेली. खरमाटेनं तिला कचेरीबाहेर भर उन्हात दोन तास उभं केलं. कर्नलसाहेबांना कशाला भेटायचंय, माहेरची आठवण आली का, चूल पेटवायची राहिली का, असं जाता-येता विचारत राहिला. माणसाला टोचत राहणं हाच त्याचा कामधंदा होता आणि तो तो मन लावून करायचा. शेवटी ईश्वरीनं त्याला एका वाक्यात काय ते सांगितलं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, तिला आत ढकललं आणि दार लावून घेतलं.

तळाचा प्रमुख कर्नल दुर्वे बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस होता. ईश्वरीनं सगळं सांगितलं: पट्टे, पैरा, शिवतेजचा दमा. कर्नलनं मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. तो आता टेबलावर हात आपटेल, कुणालातरी हाक मारेल, असं तिला वाटत होतं. त्यानं चष्मा काढून पुसला.

"झालं सांगून?"

"हो, साहेब."

"मला हे पहिल्याच वर्षी कळलंय. ह्या तळावर नऊशे पट्टे आहेत. पळणाऱ्या छात्या किती आहेत, सांगू? तीनशे बारा."

ईश्वरीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"पैरा फक्त तुमच्याच गावात चालतो असं वाटलं का तुम्हाला?" कर्नल म्हणाला. "सारखे ठसे म्हणजे एकमेकांना घट्ट बांधलेली माणसं, असं यंत्राला शिकवलंय. ज्यांनी शिकवलं त्यांनी कधी गाव बघितलेलं नाही. मी वर नऊशे कळवले. त्यांनी आणखी वर नऊशे कळवले. समोरच्यांनीही आपले नऊशेच मोजलेत, आणि तेवढ्यासाठी ते अजून पुढं सरकलेले नाहीत. आता मी उठून तीनशे बारा म्हणू?"

"माझा दीर मरेल तिथं, साहेब."

"मरेल कदाचित," कर्नल म्हणाला. तो हे सहज बोलला, आणि ईश्वरीला त्याची त्या क्षणी एवढी चीड आली की तिच्या मुठी वळल्या. "खरमाटे, बोलवा त्याला."

शिवतेज आत आला आणि ताठ उभा राहिला. कचेरीच्या चार पायऱ्या चढल्यामुळं त्याच्या छातीतली शिट्टी खोलीत सगळ्यांना ऐकू येत होती.

"ही बाई म्हणते, तुझ्या पट्ट्यावर ती पळाली."

"खोटं आहे, साहेब. मीच पळायचो."

"भावजी, असं नका करू."

त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. "रोज पळायचो साहेब. सहा किलोमीटर." एवढं बोलताना त्याला मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागला.

कर्नलनं ती शिट्टी शांतपणे ऐकून घेतली. "माझ्याकडं आता दोन जबान्या आहेत," तो ईश्वरीला म्हणाला, "आणि मला ह्याची सोयीची आहे. फक्त एक अडचण राहते. जमवाजमवीचे पहिले सात दिवस यंत्र आकडे फलकावर दाखवतं, पण ठशाशी ताडत नाही, कारण प्रवासानं आणि धास्तीनं सगळ्यांचेच ठोके बिघडलेले असतात. आठव्या दिवसापासून ते ऐकायला लागेल. वर हा घरघरायला लागला की ह्याचा ठसा मोडेल, आणि एक मोडला की यंत्र सगळे नऊशे उकरेल. म्हणून हे तिघं नकली पट्टे घालून जातील. खरे चारही पट्टे इथं, तुमच्या दंडावर. आघाडीवर माणूस कुठं आहे हे पट्टा सांगत नाही, शत्रूला माग लागू नये म्हणून ते बंद असतं. जातात ते फक्त ठोके. तुम्ही इथं पळत राहायचं."

घ्या. पळणारी बाई मैदानावर, आणि दमेकरी बर्फात. ह्याला तिथं व्यवस्था म्हणतात.

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला गाडी निघाली. ओंकार आणि इर्शाद आधीच चढून बसले होते. शिवतेजला वर ओढून घ्यावं लागलं.

"दम्याचा फवारा आहे ना खिशात?" ईश्वरीनं विचारलं.

"आहे. अर्धा."

"तोंडावर रुमाल बांधूनच राहा. आणि मी म्हणाले ते खोटं पाडलंत, ते मी कधी विसरणार नाही."

"रागावा मग," तो म्हणाला. "आल्यावर ऐकून घेईन." गाडी हलली. ईश्वरी फाटकापर्यंत गाडीमागं धावली आणि तिथल्या शिपायानं तिला दंडाला धरून मागं लोटलं.

खरमाटे तिची वाटच बघत होता. "दोन गोष्टी ध्यानात ठेव. पट्टा काढायचा नाही, आंघोळीलाही नाही. ठोके थांबले की यंत्र माणूस पडला असं धरतं आणि नाव पुसतं. मग त्यांना वर ना रसद मिळणार, ना न्यायला हेलिकॉप्टर येणार. दुसरी गोष्ट, आजारी पडायचं नाही. तीन दिवस सलग ठसा उतरला तर यंत्र तुकडीला नालायक ठरवून खाली बोलावतं, आणि मग सगळे माझ्या मानेवर बसतात."

"तिघांनाही बोलावतं?"

"पट्टे तुझ्याच अंगावर, मग काय एकाला बोलावणार? आणि नाटक करून बघू नकोस. खोटी धाप त्याला लगेच कळते. तुझ्याहून शहाण्यांनी करून बघितलंय." एवढं बोलून तो मिशीला पीळ देत निघून गेला. आपण काय सांगून बसलो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

ईश्वरी फाटकाजवळच्या दगडावर बसली आणि तिनं नीट विचार केला. ठोके थांबले तर शिवतेज संपला. ठोके चांगले राहिले तरी शिवतेज संपला. मध्ये एकच वाट होती, आणि ती खोटी चालणार नव्हती. तिला खरंच आजारी पडायचं होतं.

त्याच दुपारी तिनं पाठीवर वीस किलोचं ओझं घेतलं आणि उन्हात पळायला सुरुवात केली. पहाटे पळाली, दुपारी पळाली, संध्याकाळी पळाली. पाणी ओठ ओले करण्यापुरतं घेतलं. चपात्या खरमाटेसमोर गिळायच्या आणि शौचालयात जाऊन घशात बोटं घालायची. डोळा लागायला लागला की उठून उठाबशा काढायच्या. खरमाटे खूश झाला. असं मन लावून पळणारं माणूस आपण नोकरीत बघितलं नाही, असं तो इतरांना सांगत सुटला.

आणि अंग तरी किती बेइमान असावं. पहिले चार दिवस फलकावरचा तिचा आकडा उलट वर चढला. तीस वर्षं ज्या शरीराला तिनं पळायला शिकवलं होतं, ते हेही सोसायला शिकत होतं. चौघांची नावं हिरवीगार दिसायची आणि ती बघून तिला रडू यायचं. गाडी एव्हाना वर पोचली असणार. शिवतेजच्या खिशातला फवारा संपला असणार. यंत्राच्या लेखी मात्र शिवतेज पैलवान होता.

जमवाजमवीच्या आठव्या दिवशी सकाळी तिच्या लघवीला रक्त आलं. तिला त्याचा आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून स्वतःचीच भीती वाटली. नवव्या दिवशी दुपारी पळताना तिच्या छातीत काहीतरी चुकलं. एक ठोका पडलाच नाही. ती गुडघ्यांवर आली. दुसरा ठोका पडेपर्यंत तिच्या मनात एकच गोष्ट होती: मी मेले तर वरचे तिघंही पुसले जातील. थकायचं होतं, पण संपायचं नव्हतं, आणि ह्या दोन्हींच्या मधली रेघ कुठं आहे हे तिला कुणी सांगू शकत नव्हतं. संध्याकाळी फलकावर चार नावं पिवळी झाली.

खरमाटे धावत आला. "उठ. काय लावलंयस हे? पाणी पी."

"पोटात राहत नाही, साहेब."

ते खरंच राहत नव्हतं. डॉक्टर असता तर त्यानं दोन बाटल्या सलाइन लावून तिला उभी केली असती, पण डॉक्टर त्यांनीच घालवला होता. पट्टे दुसऱ्याच्या दंडावर चढवावेत तर ठसा त्या दुसऱ्याचा निघणार. खरमाटेनं शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या, मग तोंडात साखर कोंबली. कर्नल एकदा येऊन तिच्याकडं बघून गेला. तिचं काय चाललंय ते त्याला कळलं असावं. तो काही बोलला नाही, कारण बोलला असता तर नऊशेचंही बोलावं लागलं असतं.

बाराव्या दिवशी सकाळी ती भिंतीला धरून फलकापर्यंत गेली. अक्षरं डोळ्यांपुढं नाचत होती. तिनं ती ओळ तीनदा वाचली. 'जांभळेवाडी, चार. अपात्र. तातडीनं खाली.'

ईश्वरी तिथंच मातीत बसली आणि हमसून हमसून रडली. येतोय तो. ओंकार, इर्शाद आणि शिवतेज, तिघंही आजच्या हेलिकॉप्टरनं खाली येतायत. मग तिच्या मनात आलं की फलकावरचे शिवतेजचे ठोके म्हणजे तिचेच ठोके. त्याचे स्वतःचे चालू आहेत की नाहीत, हे ह्या यंत्राला, कर्नलला, कुणालाच माहीत नव्हतं. हेलिकॉप्टर उतरेपर्यंत तिलाही कळणार नव्हतं.

तिनं डोळे पुसले आणि तेव्हा तिला खालची ओळ दिसली. 'बदली: पिंपळमाची, चार. दर्जा: एकजीव. पहिली गाडी, आज दुपारी बारा.'

तिच्या मागं कुणीतरी येऊन थांबलं होतं. चाळिशीचा, जाड भिंगाचा चष्मा लावलेला माणूस. कपड्यांवरून किराणा दुकानदार वाटावा असा. जेवणघरापासून फलकापर्यंत शंभर पावलं चालला होता, आणि कमरेवर हात ठेवून दम खात होता. त्यानं ओळ वाचली आणि मग ईश्वरीच्या शेजारी खाली बसला.

"ताई, तुमची माणसं वर होती ना?"

"होती."

"आमच्यातली पळणारी पोरगी कर्नलसाहेबांनी इथंच ठेवून घेतलीय," तो अगदी हळू म्हणाला. "मला तेवढं सांगा, तिथं थंडी कितपत असते हो?"